आत्याची मतपत्रिका

लॉरेल बेंड, केंटकी
४ नोव्हेंबर

ती. ऑर्लीनाआत्यास मार्सीचा शि. सा. न.

तुझ्या डोंगरात फोन लागत नाही, म्हणून लिहिते. आधी खुर्चीत बस, मग वाच. मी जेलरच्या निवडणुकीला उभी राहतेय, आणि तीही रिपब्लिकन पक्षातून! डेमोक्रॅटांकडून कुणीच उभं राहणार नाही, तेव्हा मे महिन्यात उमेदवार निवडण्याच्या फेरीत आमच्या पक्षात जो जिंकेल त्याच्याच हाती तुरुंगाच्या किल्ल्या. समोर आहेत सध्याच्या जेलरसाहेबांचे जावई. मी तिथे इतकी वर्षं पहारा दिला, पण कैदी तापाने फणफणला तरी डॉक्टरला बोलवायची मला मुभा नाही. ते मला बदलायचंय. आपला डेनीदादा त्या कोठडीत डॉक्टरची वाट बघतच गेला, हे त्याच्या आईला, तुला, मी काय सांगू?

आता मागणं. मे महिन्यात, नाव ज्या पक्षात नोंदलेलं असेल त्याच पक्षाची मतपत्रिका हातात देतात. तू डेमोक्रॅट, म्हणजे तुझ्या कागदावर मी नसणारच. तिथे जाऊन दुसरी मागितली तर मिळत नाही. पक्ष बदलायची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत. बदलशील? रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
मार्सी


टर्की क्रीक
१५ नोव्हेंबर

चि. मार्सीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता माझा घेवडा करपला. अगं, जीभ कशी रेटली तुझी? बाप डेमोक्रॅट, सासरा डेमोक्रॅट, माझ्या थर्मनने तर खाणीच्या संपात डोकं फोडून घेतलं. आणि मी या वयात रिपब्लिकन होऊ? वर गेल्यावर नवऱ्याला कोणतं तोंड दाखवू?

तुझा बर्लकाका मात्र पक्ष सोडून अपक्ष झालाय. म्हणतो, आता मला दोन्ही मतपत्रिका द्याव्या लागतील. माझा भाऊ असून इतका शहाणा कसा निपजला, देव जाणे.

डेनीचं नाव काढून मला गळ घालू नकोस. नीट जेवत जा. माझा जीव तुझ्यावर आहेच, फक्त मत मागू नकोस.

तुझी आत्या


लॉरेल बेंड
२ डिसेंबर

ती. आत्यास सा. न.

चुकलं माझं, पुन्हा मागणार नाही. हरले तर जावईबापू मला पहिल्याच दिवशी घरी बसवतील. मग काय, तुझ्याकडे मक्याची भाकरी खायला रोज येईन, तयारी ठेव. आहे तो लोभ जपून ठेव.

मार्सी


टर्की क्रीक
२१ मे

चि. जेलरबाईंस पोटभर आशीर्वाद!

जिंकलीस गं पोरी! काल सगळ्या खोऱ्यात गाड्यांचे भोंगे वाजत होते. मी दारात उभी राहून पातेलं बडवलं.

आता ऐक. तुझं दुसरं पत्र आलं आणि मी थर्मनच्या फोटोशी कडाकडा भांडले. म्हटलं, तुझा पक्ष मोठा की आपला लेक? मग चर्चमधल्या गोधडीवाल्या बायकांना गोळा केलं. सगळ्या जन्माच्या डेमोक्रॅट. सांगितलं, माझ्या नवऱ्याचं मी बघते, तुमच्या नवऱ्यांचं तुम्ही बघा. नाताळ झाल्यावर बर्फातून चर्चची गाडी काढली आणि जाऊन सगळ्यांनी पक्ष बदलला. तुलाही पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर जावईबापू लगेच फुलं घेऊन दारोदार आले असते. ते इकडे फिरकलेच नाहीत. इथले सगळे डेमोक्रॅट, यांचा काय उपयोग, म्हणाले म्हणे! आमच्याच खोऱ्याने त्यांना आपटलं.

मतदानाच्या दिवशी बर्लच्या हातात नुसत्या न्यायाधीशांच्या नावांचा कागद दिला. दोन्ही पक्षांचे सोड, एकाचाही नाही. अपक्षांना तेवढंच मिळतं, हे ऐकून तो असा लाल झाला की मी हसता हसता काठीच सोडली.

मग माझी पाळी. केंद्रावरच्या मुलीने यादीत नाव बघून तुमच्या पक्षाचा कागद दिला. त्यावर तुझं नाव दिसलं आणि मी रडले गं, सगळ्यांदेखत. गोल अगदी सावकाश रंगवला, रेघ बाहेर जाऊ दिली नाही.

नोव्हेंबरात शेवटच्या निवडणुकीला सगळ्यांना एकच मतपत्रिका असते. तेव्हा बाकीची मतं मी कुणाला देईन ते विचारायचं नाही.

जानेवारीत किल्ल्या हातात आल्या की, कुठल्याही कोठडीत कुणी कण्हलं तर डॉक्टरला बोलाव. येताना कुरकुरला, तर म्हणावं, डेनीच्या आईने बोलावलंय.

तुझी आत्या,
ऑर्लीना