घंगाळ घासणारी

लायडन, १२ एप्रिल १६५९

लिस्बेट पुन्हा खिडकीपाशी उभी! शेजारचे चित्रकार हुबर्ट आमच्याच स्वयंपाकघरात तिचं चित्र काढताहेत — मोलकरीण पितळी घंगाळ घासते आहे, एवढंच.

"मान खाली घाल, पोरी."

"खालीच असते हो माझी मान, चित्र नसलं तरी!"

किती दिवसांनी हसले मी. माझे यजमान यॉरिस वारल्यापासून या घरात हसण्याचा आवाज तिचाच.

२२ एप्रिल

मे जवळ आला. मोलकरणी घरं बदलतात ते दिवस. दरवर्षी यॉरिस तिच्या तळहातावर विसाराचं नाणं ठेवून विचारायचे, "राहतेस ना, लिस्बेट?" ती म्हणायची, "जाते कुठे! तुमची भांडी कोण घासणार?" की झाली वर्षाची निश्चिंती.

आता यजमान नाहीत. मी विचारावं का? नको. माझं तोंड बघून तिला नाही म्हणवणार नाही. हार्लेमला तिचा भाऊ आहे, भाचरं आहेत. म्हातारीपाशी अडकवून कशाला ठेवायची? मठाच्या शाळेत सिस्टर ॲग्नेस सांगायच्या — स्वतःसाठी मागू नये. राहायचं असेल तर ती आपण होऊन बोलेल.

२९ एप्रिल

बोलली नाही. दिवसभर नुसती माझ्याभोवती घोटाळत होती.

१ मे

गेली.

सकाळी तिची पेटी दाराशी होती, दोरी तशीच लोंबत. ती बाजूला उभी. म्हटलं, वेंधळी कुठली, नावेत पेटी उघडली तर कपडे कालव्यात जातील! मीच वाकून घट्ट गाठ मारून दिली. तिने माझ्याकडे पाहिलं. "येते, बाईसाहेब." एवढंच.

दार लावलं आणि मग रडले.

९ मे

वाटाण्याचं सूप. आज पुन्हा तेच. एकटीसाठी कमी करताच येत नाही.

१७ मे

दुसरी मोलकरीण शोधायला मन धजत नाही. शेवटी बाह्या सारल्या, वाळू घेतली आणि घंगाळ घासायला बसले. अँटवर्पला मठात शनिवारी आम्ही मुली भांडी घासता घासता गायचो. हात विसरले नव्हते!

तेवढ्यात हुबर्ट दारात, अगदी रडकुंडीला आलेले. "चेहरा झाला, एप्रन झाला, हात राहिले — आणि बया निघून गेली!" मग माझ्या लाल, ओल्या हातांकडे बघतच राहिले. "हलू नका, बाईसाहेब. जागच्या हलू नका!"

६ जून

चित्र पुरं झालं. टोपी तिची, गाल तिचे, मान तिची. मनगटापासून पुढे मी.

रंग वाळेपर्यंत ते माझ्याकडेच टेकवून ठेवलंय. सकाळी उठून त्याच्याशी बोलते. वेडच की!

२१ जून

लिस्बेट आली होती. विसरलेले लाकडी जोडे न्यायला. चित्रापुढे थबकली.

"हे हात माझे नाहीत. ही वाकडी करंगळी —" वळून तिने माझे हात धरले. "तुम्ही घासता? दुसरी कुणी ठेवली नाहीत?"

"तुझ्या जागी कुणाला ठेवू?"

"मग मला राहा का नाही म्हणालात? पेटी उघडी ठेवून सकाळभर वाट बघत होते मी! आणि दोरी तुम्हीच बांधलीत, बाईसाहेब!"

मग मी विचारलं, "राहतेस ना, लिस्बेट?" दारात उभी राहून, कालव्यापलीकडे ऐकू जाईल असं.

हार्लेमच्या एका घरचं विसाराचं नाणं घेतलंय म्हणाली, नोव्हेंबरपर्यंत.

जोडे इथेच ठेवून गेली.