मिलिंदच्या समुद्रातलं शेवाळ

प्रिय मिलिंद,

तू जाऊन सात महिने झाले, आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. आजही लिहिणार नव्हतो. पण आज दुपारी सदर बाजारातल्या शोभेच्या मासेवाल्याने चार गिऱ्हाइकांसमोर माझी अब्रू काढली. त्याचा जाब तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

नागपुरात समुद्र! दुसरं काही सुचलं नाही तुला? मे महिन्यात कूलरची टाकी दुपारपर्यंत आटते अशा शहरात, बेसाच्या आपल्या घरात, टीव्हीच्या जागी काचेच्या टाकीत माशांसाठी तू खारं पाणी भरून ठेवलंस. मुलगी पाहायला चल म्हटलं की तुझं उत्तर ठरलेलं, "रविवारी पाणी बदलायचं हाय." बादलीत मीठ कालवून त्यात मीटर बुडवून बसायचास. लोणचं घालतोस का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणालास, "तुले नाही समजणार, दादा."

बरं, नाही समजलं. पण आता ती टाकी मीच सांभाळतो आहे, तेव्हा ऐकून घे.

तू गेल्यावर महिन्याभरात शेवाळ आलं. आधी दगडांवर हिरवी लव, मग बोटभर केस, मग त्यावर तांबडा चिकट थर. मला हसू आलं. गावच्या विहिरीच्या पायऱ्या राखेने घासून मग शाळेत जाणारा माणूस मी. शेवाळ काय असतं ते मला कोणी शिकवायचं? जुना टूथब्रश घेतला, दगड बाहेर काढून खरडले. आठ दिवसांत पहिल्यापेक्षा दाट!

इतकी निर्लज्ज वस्तू मी पाहिलेली नाही. ना मूळ, ना फूल. उपटावं तर दुप्पट होऊन येतं. रोज सकाळी बुद्धवंदना करतो, सगळे प्राणी सुखी होवोत म्हणतो, आणि उठून टाकीकडे पाहिलं की तोंडात शिवी येते. शेवाळ प्राण्यांत मोडत नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे.

मासेवाल्याने औषधाची एक बाटली दिली. "भाऊ, ये डालो, आठ दिन में एकदम साफ." मग पहिल्या बाटलीने बिघडवलेलं सुधारायला दुसरी दिली. मग गोगलगायी दिल्या. त्या काचेवर बसून राहिल्या, लग्नाच्या आठ दिवस आधी उतरलेल्या पाहुण्यांसारख्या.

तुझा निळा मासा मेला, मिलिंद. वर येऊन तोंड उघडत होता, आणि मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत उभा होतो. एवढी माझी अक्कल! आता उरले ते दोघे, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे. तू वाढवलेलं जिवंत असं या घरात तेवढंच आहे. माय सकाळी उठली की थेट त्यांच्यापुढे जाऊन बसते. तेही गेले तर तिला काय सांगू, ही एकच धास्ती होती.

आज त्यांचं खाणं संपलं म्हणून सदरला गेलो. मासेवाला डबा देता देता थांबला.

"भाऊ, अभी तो ले गये थे ना?"

"महिना झाला."

"ये डब्बा छह महीना चलता है. कितनी मछली है?"

"दोन."

"दो मछली है के दो भैंस?"

सगळं दुकान हसलं. मग त्याने सांगितलं की जास्तीचं खाणं पाण्यात सडतं आणि त्यावरच शेवाळ पोसतं. दोन बाटल्या विकेपर्यंत हे ज्ञान त्याने कुठे ठेवलं होतं कोण जाणे! पण त्याला काय बोलू? टाकीची टिपणं ठेवायचास त्या तुझ्या वहीच्या पहिल्याच पानावर लाल अक्षरांत आहे, 'एका दिवसाआड, एक चिमूट.' ते मी वाचलेलं होतं.

घरी येऊन नवा डबा टेबलावर आपटला. "माशाईले कोण चारून राहिलं?"

तुझी वहिनी पोळ्या लाटत होती. "मी टाकत होती थोडंसं," खाली पाहूनच म्हणाली. "भाऊजीचं ताट वाढायची वेळ झाली का हात थांबत नाही जी."

"अन् मी सकाळी," माय खाटेवरून म्हणाली. "काहून, गुन्हा केला का गा? लेकरू दवाखान्यात गेलं ते चहा न घेता गेलं."

"माय, आपल्यात मेलेल्याच्या नावानं घास ठेवत नाहीत."

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून या घरात असलं पान वाढलेलं नाही. मेलेला जेवत नाही, जिवंताला खाऊ घाला, हे आपल्या बाबांचं वाक्य तुलाही पाठ होतं.

"त मी काय कावळ्याले देल्लं?" माय उसळली. "मासोळीले देल्लं. जित्या जिवाले खाऊ घाला, हे तुह्या बापानंच सांगतलं!"

मी दोघींना शहाणपण शिकवायला सुरुवात केली. तेवढ्यात तुझी वहिनी म्हणाली, "अन् तुमची वंदना झाल्यावर डब्याचं झाकण वाजते, ते काय उंदीर वाजवते जी?"

मीच वाजवत होतो. रोज, सात महिने, दोन बोटांची चिमूट. मनात त्याला दान म्हणत होतो. दान कसलं! तुला जेवू घालत होतो, मायपासून लपून, बाबांच्या फोटोकडे पाठ करून. तीन शहाणे, एकमेकांची पाठ फिरायची वाट पाहून तुला वाढत होते, आणि खाऊन माजत होतं ते शेवाळ! तुझ्यापर्यंत एक कण पोचला नाही. निळा मासा मात्र आमच्या मायेने मेला.

आणि तूही कमी नाहीस. उकळलेला चहा सोडून कोणी जातं का? "आल्यावर पितो," म्हणालास. आलास?

आता वहीप्रमाणे चालेल. एका दिवसाआड एक चिमूट, तीही मायच्या हातची. डबा तिच्याजवळ राहील. "मोजून देईन," ती म्हणाली, "पण नाव त्याचंच घेईन." घेऊ दे. तुझी वहिनी आणि मी डब्याला हात लावणार नाही. बाटल्या फेकून दिल्या. शेवाळ रोज थोडं हाताने काढीन, ते थकेपर्यंत.

तुझे दोन मासे जगवीन, हा शब्द देतो. त्यासाठी तुझं पान बंद. माझ्या हातून तुला यापुढे एक दाणाही मिळणार नाही, मिलिंद. कितीही भूक लागली तरी.

तुझा
दादा