दिव्याच्या गाण्याचा शेवट

माघ शु. ११, शके १८४५. पळसदरी

मंजुळाबाई नक्की येणार. गेल्या वर्षी घसा धरला म्हणून आल्या नाहीत, घातलेला मांडव तसाच उतरवला होता. आता पुनवेला कर्जतला, भाताच्या गिरणीच्या आवारात गाणे. शेटच्या मुलीचे लग्न आहे.

दीर म्हणाले, "वैनी, तुमी नका जाऊ. लोक काय म्हंतील?"

हे गेल्यापासून सहा वर्षे लोकांनी म्हणायचे ते म्हणून झाले. जेवणावळीच्या पत्रावळी माझ्याकडे सांगितल्या आहेत, त्या पोचवायला कोण जाणार, असे विचारले.

माघ शु. १२

दुपारी पाने घेऊन शेजारच्या गोदूच्या ओटीवर. तिथे फोनो ऐकत ऐकत टाचते. घरी बसून तेवढीच पाने उरकतात, पण घरी फोनो नाही.

तिच्या नवऱ्याने, शंकररावांनी, कोळशाच्या ठेक्यात बरकत आली तेव्हा मुंबईहून आणला. चावी फक्त तेच देतात, तीही बेताची. जास्त पिळली तर आतली कमान तुटते, असे दुकानदाराने बजावले आहे म्हणे. तबकड्या दोन. एकीवर एक माणूस नुसता हसतो. शेवटी शेवटी त्याचे हसू जड होते, अगदी म्हातारा होतो. तिथेच येऊन बसणारी सखूमावशी दर वेळी म्हणते, "दमला गं मेला हसून हसून."

दुसरी मंजुळाबाईंची, दिव्याचे गाणे. सगळे गाणे नेटाने म्हणतात आणि शेवटी त्यांचा आवाज खाली खाली येतो, विझत आल्यासारखा. तेवढ्यासाठी मी ऐकते. हे घाटाच्या इंजिनावर फायरमन होते. इथून जाताना ड्रायव्हर यांच्या भिडेने माझ्यासाठी शिटी द्यायचा. गाडी वळणापलीकडे गेली की शिटी अशीच उतरायची.

त्या बाईंचेही कोणी गेले असेल.

माघ शु. १३

गोदूला गाणे पुन्हा सांगितले. गळा तिचा, कान माझा. ती शेवटी नुसतीच सैल पडते. म्हटले, "घाई नको गं. आधी थांब. मग श्वास टाकावा तशी ये खाली." तबकडीत थांबणे नाही. मी घातले, मला तिथे लागते म्हणून.

तिने म्हटले. माझ्यापेक्षा चांगले म्हटले. आतून जळाले.

तिला नवरा आहे, दोन मुलगे आहेत, हातभर चुडा आहे. गळा तरी दुसऱ्या कोणाला द्यायचा होता. मी म्हणते ते जात्यावर, तेही दीर शेतावर गेल्यावर.

पौर्णिमा. प्रतिपदेस सकाळी लिहिले

गाडीत आम्ही तिघी. गोदू, सखूमावशी, मी, आणि मागे पत्रावळींचे भारे. गोदू अंजिरी लुगड्यात. मावशी म्हणाली, "गोदे, बाई तुला बघून गाणं इसरंल गं!" सगळ्या हसलो. मीही हसले. वाटभर चांदणे होते, बैलांच्या घुंगरांवर गोदू गुणगुणत होती आणि मी मनात म्हणत होते, हिचा घसा बसो. असे लिहायला नको. पण म्हणत होते.

बायका चिकाच्या, बांबूच्या काड्यांच्या पडद्याआड. दारात हळदीकुंकू आणि अत्तर. तबक माझ्यापाशी आले आणि पुढे गेले. सवय आहे.

मंजुळाबाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पान खाणाऱ्या. काय तो आवाज! तबकडीत बोटभर होता, इथे मांडवभर झाला. पडद्याच्या काड्या थरथरत होत्या. मी सगळे विसरले, गोदूलाही.

मग दिव्याचे गाणे. तबकडीवर डाळ निवडून होते तेवढ्यात संपते, इथे बाई त्यात घर करून राहिल्या. मी शेवटाची वाट पाहत होते. शेवट आला आणि त्या वर गेल्या! वर, लखलखीत, एकदम तोडले. लोक वाहवा म्हणून उठले.

मी बसून राहिले. जेवायला बोलवावे आणि मीठच वाढू नये तसे झाले. मावशी गाडीत म्हणाली, "बाईला घाई असंल. दमली नाय ती."

वद्य १, रात्री

सकाळचे लिहून झाल्यावर पुन्हा कर्जतला जावे लागले. राहिलेल्या पत्रावळी. गोदूही आली, बाईंची ओटी भरायला. ओटी सवाष्णींनी भरायची, म्हणून मी माजघराच्या दाराबाहेर, भाऱ्यापाशी.

कोणीतरी म्हणाले, ही गोदू गाते. बाई म्हणाल्या, "मग म्हण की." गोदूने दिव्याचेच धरले, त्यांच्याच तोंडावर! बायका फिदीफिदी हसल्या. शेवट आला. ती थांबली. मग श्वास टाकत खाली आली.

कोणी हसेना.

बाई म्हणाल्या, "पुन्हा म्हण." तिने म्हटले. "आणखी एकदा." मग विचारले, "हा उतार कुणी शिकवला गं तुला?"

गोदूने दाराकडे पाहिले. मी दिसत होते. माझ्याकडे पाहून मान वळवली आणि म्हणाली, "आमच्याकडं आसंच म्हंतात."

बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटे मोडली, स्वतःच्या पेटीतला खण दिला.

येताना गाडीत तो खण तिच्या मांडीवर. मी बाहेर पाहत आले. ती "सरू, ए सरू" करीत होती.

वद्य ४

गंमत झाली म्हणे. बाईंच्या तबलजीने शंकररावांना वेड्यात काढले. म्हणाला, चावी पोटभर दिल्याशिवाय यंत्र शेवटपर्यंत ओढत नाही, मग आवाज बसतो. काल त्यांनी भीत भीत पुरी चावी दिली. कमान तुटली नाही. हसणारा शेवटपर्यंत तरणा राहिला आणि मंजुळाबाई वर गेल्या, मांडवात गेल्या तशाच.

मावशीने सांगितले. लोटपोट हसत होती.

मला हसू आले नाही. म्हणजे बाईंचे कोणी गेलेले नव्हते. नुसती चावी संपत होती आणि मी तिथे डोळे पुसत होते.

वद्य ५

पाने टाचताना सुचले. तो उतार बाईंचा नव्हता, ठीक. यंत्राचाही सगळा नव्हता. थांबणे यंत्रात कुठे होते?

मग माझाच की. आणि खण तिच्याकडे.

चैत्र शु. ३, शके १८४६

गोदूकडे जात नाही. तिने चैत्रगौरीची डाळ पाठवली. खाल्ली. चांगली होती. निरोप पाठवला नाही.

जात्यावर बसते, पण शेवट म्हणत नाही. वर न्यावा तर गळा नाही, खाली न्यावा तर तो आता तिचा.

श्रावण वद्य २

चार महिने लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही नव्हते. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचते. एकावर बातमी होती, तिचा शेवट फाटलेला.

यांची शिटी स्वप्नात ऐकली. वर जात होती. उठून बसले.

कार्तिक शु. ६

गोदू आली. आपण होऊन, उन्हाची, हातात कापडात गुंडाळलेले काही. उंबऱ्यातच बसली.

म्हणाली, "ह्यांनी मुंबईहून तबकडी आणली. मंजुळाबाईंचं दिव्याचं गाणं, नव्यानं भरलंय. दुकानदार म्हनला, शेवट बदललाय."

मी म्हटले, "मग? वाजव की. मला काय सांगतेस?"

"नाय वाजवली. तू आल्याबिगर नाय."

पाणी दिले. प्यायली नाही. मग म्हणाली, "सरू, तवा तुजं नाव घेतलं असतं, तर बाईनं तुला आत बोलवलं असतं. सगळ्यांम्होरं म्हणायला लावलं असतं. तुज्या दिराच्या कानावर गेलं असतं."

"तू माझ्यासाठी गप्प राहिलीस होय?"

ती चुडा मागेपुढे करीत होती. मग म्हणाली, "आर्धी तुज्यासाठी."

उरलेल्या अर्ध्याचे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. खण मात्र कापडाखाली होता, घडी न मोडलेला. "ह्यो तुजा," म्हणाली. मी म्हटले, "मला सवाष्णीचा खण काय करायचा?" तेव्हा ती रडली. मी नाही.

जाताना तबकडी इथेच ठेवून गेली. "उद्या घेऊन ये. चावी तूच दे, पुरी."

फडताळात यांच्या कंदिलाला टेकवून ठेवली आहे. बदललेला शेवट म्हणजे आणखी वर गेल्या असतील. गाणारणींना वरच आवडते. किंवा नसेलही. आणि खाली आल्या असल्या तरी लोक मंजुळाबाईंचा उतार म्हणतील. गोदूचासुद्धा नाही म्हणणार. तेवढ्याने जरा बरे वाटले, हेही लिहून ठेवते.

दिवा जवळ घेऊन पाहिली. मधल्या कागदापाशी जिथे गाणे संपते, तिथल्या वळ्या बोटाने चाचपल्या. सगळ्या सारख्याच लागतात.