कोऱ्या दगडाचं चित्र

३ ऑक्टोबर, कॅरी
पोचले! सुनेत्राकाकूंनी दारातच हातावर बेसनाचा लाडू ठेवला आणि म्हणाल्या, अबोली, घर आपलंच समज. काम मनासारखं आहे. त्यांच्या यजमानांनी जमवलेली एकोणिसाव्या शतकातली शोकचित्रं तपासायची. तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं कोरून छापलेली: थडगं, झुकलेलं झाड, रुमालात तोंड लपवलेल्या बायका. सावल्या अ‍ॅक्वाटिंटच्या, राखेसारख्या दाणेदार. थडग्याचा दगड मुद्दाम कोरा ठेवत. ज्यांच्याकडे कुणी वारलं असेल, ते लोक चित्र विकत आणून मृताचं नाव हातानं लिहीत.

५ ऑक्टोबर
जिन्यातल्या चित्रात दगडावर देवनागरीत 'सौमित्र' लिहिलंय. काकू म्हणाल्या, तुझ्याआधी काम करायचा तो मुलगा, अक्षर सुरेख हो त्याचं. कुठे असतो आता, विचारलं, तर चहा गार होतोय म्हणाल्या. मग माझ्या घरी कोण कोण, ते विचारलं. आई, बाबा, धाकटा यश. माझं अक्षरही पाहिलं. शाळेआधी आईनं घरीच पाटीवर घटवून घेतलंय, म्हटलं. मग जेवणाच्या खोलीतल्या कोऱ्या दगडावर लिही की काहीतरी, म्हणाल्या. जुन्या छापाला शाई लावायची नाही, मी सांगितलं. त्या हसल्या.

९ ऑक्टोबर
जेवणाच्या खोलीतल्या चित्रात एकच बाई होती. मी स्वतः पाहिलंय. आज शेजारी मुलगा. काकूंनी चित्र बदललं असणार. भिंगातून पाहिलं. कागद तोच, कोपऱ्यातला डागही तोच.

११ ऑक्टोबर
बाईच्या डोक्यावर पदर. टोक दातात. आई रडताना असंच करते. मुलाचे कान यशचे. मग बाबा कुठे? अर्विंगला घरी फोन लावला. यश म्हणाला, चिल ताई, बाबा गराजमध्ये माझ्या सायकलला शिव्या घालतायत. तरी बाबांना बोलवायला लावलं, बीपीची गोळी विचारली. ती तूच घे, म्हणाले.

१३ ऑक्टोबर
बाबा आले. चित्रात. आईच्या खांद्यावर हात. क्षणभर सुटल्यासारखं झालं, दगड बाबांचा नाही —
घरातले सगळे उभे आहेत. फक्त —

१४ ऑक्टोबर
बॅग भरली. उबर दारात. उठायचंय — दगडावर 'अ'. शाई ओली. वळण माझं. मी दगडाला हातही लावला नाही, फक्त इथे, रोजनिशीत — काकू मागून म्हणतायत, सावकाश, वळण बिघडेल — मी थांबवतेय, हात थांबत नाहीये — अबो