घरातील विरोधी पक्षाचे मृत्युपत्र

मी, वैजिनाथ विश्वनाथ शेटे, निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षक, राहणार धारूर, जिल्हा बीड, गुडघे सोडून सर्व अवयव व बुद्धी ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की :

कलम १. राहते घर पत्नी सौ. गंगासागर हिला. कारण पुढीलप्रमाणे.

एका प्रजासत्ताक दिनी टीव्हीवर राष्ट्रगीत लागले. मी ताठ झालो आणि स्वयंपाकघराकडे पाहून ओरडलो, "उभी राहा."

ती भजी तळत होती. म्हणाली, "सकाळधरून उभीच हाय की."

राष्ट्रगीत संपल्यावर मी तिला नागरिकाच्या शिस्तीवर व्याख्यान दिले. तिने झारा खाली ठेवला. "मंग घरात मतदान घ्या. शिस्त कुणाची चालायची ते ठरू द्या."

जन्मभर लोकशाही शिकवलेल्या माणसाला नाही म्हणता येईना. चिठ्ठ्या डब्यात पडल्या. कुटुंबप्रमुखपदी गंगासागर निवडून आली. मला एक मत पडले, ते माझे होते. सूनबाई ईश्वरीला विचारले, तू कुणाला दिलेस? ती म्हणाली, "मामा, मत गुप्त असतंय. तुमीच शिकवलंय न्हवं?" वर्गात इतके पक्के उत्तर मला कोणी दिले नव्हते. मला राग आला आणि छाती फुगली, दोन्ही एकदमच.

तेव्हापासून मी विरोधी पक्षात आहे. भाजीत मीठ जास्त झाले की सभात्याग करून ओट्यावर बसतो. चहाला हाक आली की कामकाजात परत भाग घेतो. हे पद ईश्वरीस.

कलम २. संविधानाची प्रत मुलगा केदारनाथ यास. त्याने ती देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिले आहे. आधी पुसावी, मग वाचावी.

कलम ३. शेजारी सुंदरराव यांनी चौकात लावलेल्या फलकावर त्यांचा फोटो राष्ट्रध्वजापेक्षा मोठा आहे. देशप्रेम मोजण्यास त्यांना माझी लाकडी फूटपट्टी द्यावी. वाद घातल्यास मारण्यासही चालेल.

कलम ४. वरील मजकूर वाचून दाखवल्यावर गंगासागरने विचारले, "आन् मीच आदी गेले तर?"

तसे झाल्यास घर केदारनाथ व ईश्वरी यांना समान. एवढे लिहायला आजची सगळी दुपार गेली. ती शेजारी बसून शेंगा सोलत होती, घाई करा म्हणाली नाही.

साक्षीदार :
१. अमरसिंह परदेशी (सही)
२. मंजुळाबाई शिनगारे (सही; चष्मा घरी राहिल्याने मजकूर मोठ्याने वाचून घेतला व फूटपट्टीला अनुमोदन दिले)

लिहून ठेवणार : वै. वि. शेटे (सही)
ठिकाण : धारूर
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५