गटात न बसणारं लिथियम

प्रिय पारा,

कॉलेजात तुझा राग सर्रकन चढायचा म्हणून तुझं हे नाव पडलं, आणि मी कशातच भाग घेत नाही म्हणून मी अरगॉन. आता दोघी दोन शाळांत रसायनशास्त्र शिकवतो, पण टोपणनावं काही सुटली नाहीत. परवाच्या स्पर्धेत तुझी शाळा जिंकली, अभिनंदन. हा शब्द लिहून पाच मिनिटं नुसती बसले होते.

गेल्या वर्षी 'गटात न बसणारं मूलद्रव्य ओळखा' या फेरीत एका संघाने मी चौथं नाव वाचायच्या आतच उत्तर दिलं, तेव्हा मनात पाल चुकचुकली. माझे प्रश्न नि उत्तरं आधी तिघांकडेच जातात: टाइप करणारे कारकून, आमचे मुख्याध्यापक आणि तपासायला तू. म्हणून यंदा मी आगाऊपणा केला. कारकुनांच्या प्रतीत लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबे यांत तांब्याऐवजी निकेल हे उत्तर लिहिलं. मुख्याध्यापकांच्या प्रतीत हेलियम, निऑन, अरगॉन, क्लोरीन यांत क्लोरीनऐवजी हेलियम. ज्या वाटेने उत्तर फुटेल, ती वाट मला कळणार होती. आठवडाभर मी त्या दोघांकडे अशी बघत होते, की कारकुनांनी शेवटी विचारलं, बाई, माझ्या शर्टाला काही लागलंय का? मुख्याध्यापकांनी चहा पुढे केला, तरी वाटायचं, आज एवढं अगत्य कशाला?

स्पर्धेत निकेल कोणी म्हणालं नाही, हेलियमही नाही. मला माझीच लाज वाटली. मग सातवा प्रश्न आला: लिथियम, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम. तुमच्या संघात बसलेल्या तुझ्या लेकीने पटकन घंटी दाबली आणि म्हणाली, लिथियम. मी कारण विचारलं, तर ती टेबलाकडे बघत राहिली. शेजारच्या संघाने कॅल्शियम सांगितलं, कारणासकट. बाकीचे नऊ प्रश्न तुझ्या मुलीने अचूक सोडवले, म्हणून ढाल तुमच्याकडे गेली. लोक म्हणाले, पोर एकदा गडबडली. मी मात्र आठव्या प्रश्नाऐवजी सातवाच पुन्हा वाचायला घेतला.

तुझ्या प्रतीत मी सापळा लावला नव्हता गं. तुझ्यावर कसला लावायचा? पण ती लिहिताना कॅल्शियमऐवजी लिथियमवर खूण करून बसले. ती माझी खरीखुरी चूक. दोन दिवसांनी बाकीच्या प्रती उतरवताना लक्षात आली, आणि मुद्दामच कळवली नाही. दरवर्षीसारखा तुझा फोन येईल, चष्मा कुठे ठेवला होतास म्हणून मला मनसोक्त झापशील, याची वाट बघत बसले. यंदा आली ती चिठ्ठी: सगळं ठीक आहे. एकोणीस वर्षांत माझ्या एकाही कागदाला तू ठीक म्हटलेलं नाहीस.

निकालपत्रावर माझी सही व्हायची आहे, शनिवारपर्यंत मुदत आहे. मी अजून कोणाजवळ बोललेले नाही. प्रत तू तिला दिलीस, की तिने तुझ्या कपाटातून घेतली आणि तू न वाचताच ठीक म्हणालीस, ते मला तुझ्याच तोंडून हवंय, म्हणून हे पत्र. दुसरं असलं तर मी आनंदाने रडेन. पण नुसतं एका शब्दात कळवू नकोस. कारण सांगितल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, हा नियम आपल्या स्पर्धेत तूच आणलास.

तुझीच (अजून तरी),
अरगॉन