आंबीचं फडकं

सोमवार, १२ जानेवारी, संध्याकाळ

जीभ सारखी पुढच्या दातांवर जातेय. गुलमंडीजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आज दोन झिजलेल्या कडा भरून दिल्या. दाताच्याच रंगाचं काहीतरी मऊ लावलं, त्यावर निळा उजेड धरला आणि ते दगडासारखं घट्ट झालं. मी आरशात बघतच राहिलो.

"रोज आंबट काय घेता?"

आंब, म्हटलं. पिशोरहून आई पाठवते. पहाटे हरभऱ्यावर फडकं फिरवायचं आणि ते आंबट दंव पिळून बाटलीत भरायचं. पोटासाठी मी वीस वर्षं रोज चमचाभर पाण्यातून घेतो. दात आंबतात म्हणून लगेच खसाखसा ब्रश करतो.

"तिथंच चुकलं. आंबटानं दात वरून मऊ पडतो, तुम्ही तो मऊ थरच घासून काढता. आंब रोज नकोच. घेतली तर साध्या पाण्यानं चूळ भरा आणि ब्रश करण्याआधी अर्धा तास थांबा. झिजलेलं परत येत नाही, पण मऊ पडलेल्याला लाळ पुन्हा बळ देते."

लाळ? जिला आपण थुंकून टाकतो, ती?

आईला फोनवर सांगायला जीव कचरत होता. ती शांतपणे म्हणाली, "व्हय रं. आंबीनं फडकं बी विरतंच की. दर हिवाळ्याला नवं घेते मी."

फडकं एका हिवाळ्यात विरतं. माझे दात वीस हिवाळे टिकले. फडक्याला लाळ नसते. वीस वर्षं ती एकटी तोंडात डागडुजी करत राहिली, आणि मी तिला कधी अर्धा ताससुद्धा दिला नाही.